तांत्रिक खंड

गेल्या पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने आमच्या घरी मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ कपाटाबाहेर होते. मराठीच्या दोन प्राध्यापकांच्या घरात यात नवल ते काय, असे कुणालाही वाटेल. परंतु ग्रंथ वाचला जात नव्हता, वापरला जात होता. १९११ साली प्रथम प्रसिद्ध झालेला हा जाडजूड ग्रंथ आम्ही लॅपटॉपच्या डाव्या अंगाला आडवा ठेवला होता आणि त्याच्या पुठ्ठ्यावर चार्जरची वायर एका विशिष्ट कोनात टेकवून रबरबँडने बांधली होती. वायर त्या कोनात असली की लॅपटॉपच्या कडेचा इवलासा दिवा लागे. कुणी टेबलाला धक्का दिला, शेजारून मांजर गेले, की तो विझे. मग पुन्हा दामले थोडे पुढे, थोडे मागे. व्याकरणाचा एवढा प्रत्यक्ष आधार आम्हांला याआधी कधी मिळाला नव्हता.

येथे आमच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. आम्ही दोघे नवराबायको. एकाच वर्गात बसून मराठी घेऊन एम. ए. झालो, सेटही एकाच वर्षी झालो, आणि आज जुन्नर तालुक्यात एकाच महाविद्यालयात शेजारशेजारच्या वर्गांत तेच ते पेपर शिकवतो. फरक एवढाच, की आमच्यापैकी एक कायम आहे आणि दुसरी गेली अठरा वर्षे तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे दर वर्षी अर्ज, दर वर्षी मुलाखत, जितके तास तितके मानधन आणि सुट्टीत काहीच नाही. एक नेमणूक संपते आणि दुसरी सुरू होते, त्यांच्या मधल्या काळाला आमच्या कार्यालयात ‘तांत्रिक खंड’ म्हणतात. शब्द मोठा सोज्ज्वळ आहे. त्यात कुणी काही तोडल्याचा भास होत नाही.

लॅपटॉप दुसरीचा होता. उत्तरपत्रिका तपासून साठवलेल्या पैशांतून तिने तो २०१७ साली घेतला, तो तिच्या पीएच. डी. साठी. जात्यावरच्या ओव्या हा तिचा विषय. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून चाळीस-बेचाळीस बायांच्या तोंडून तिने ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या आणि रात्री जागून या यंत्रावर उतरवून काढल्या. त्या बायांपैकी अकरा जणी आज हयात नाहीत. ध्वनिमुद्रणांची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवलेली होती. परंतु त्यांवरच्या टिपा, पाठभेद, कोणती ओवी कुणाच्या सासरची आणि कुणाच्या माहेरची याच्या खुणा, हे सारे या एकाच जागी होते. त्यातच बॅटरी जुनी झालेली, वायर निसटली की दहा-बारा मिनिटांत पडदा काळा. प्रबंध सादर करण्याची मुदत चार महिन्यांवर आलेली.

अशा वेळी आमच्यातल्या कायम असलेल्याने सहज सुचवले, की आता नवा लॅपटॉपच घेऊन टाकू, हप्त्यांवर. तो हे सद्भावनेनेच बोलला. पण हप्त्यांसाठी वेतनपावती लागते आणि ती घरात एकाच्याच नावाची येते, ही गोष्ट बोलल्यानंतर त्याच्या ध्यानात आली. दुसरी काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, “बिघाड कुठे आहे, तेवढं तरी आधी बघू या.”

ती संध्याकाळ आम्ही फारसे बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहण्यासाठी पुण्याला जायचे होते. काम दुपारी आटोपले आणि आम्ही बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत शिरलो. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांनी ही गल्ली दुतर्फा भरलेली आहे आणि तिच्यात एकाच रोगावर निरनिराळी औषधे मिळतात. पहिल्या दुकानात सांगितले, मूळ कंपनीचाच चार्जर घ्या, अठ्ठावीसशे रुपये. दुसऱ्यात हुबेहूब तसाच दिसणारा सातशेला होता. तो हातात घेतला तर चमत्कारिक हलका लागला. तिसऱ्या दुकानाच्या फळीवर बसलेल्या विशीतल्या मुलाने आमचा चार्जर उलटसुलट केला, ठोकळ्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाला, “ठोकळा चांगला आहे, सर. पिनच गेलीय. पिनसकट वायर मिळते, एकशे वीस रुपये. जोडून देणारा आज आला नाही, जोडून मात्र तुम्हीच घ्या. तुमची तीन तारांची आहे का दोन?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आठ वर्षे रोज हातात घेतलेल्या वस्तूच्या पोटात किती तारा आहेत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. त्यानेच पिनचे तोंड उजेडाकडे धरून दाखवले. पोकळ नळीच्या मध्यभागी सुईसारखा एक काटा होता. “काटा आहे ना, मग तीन तारांची,” असे म्हणून त्याने कागदाच्या पुडीत एक काळी वायर गुंडाळून दिली.

जोडणार कोण, हा प्रश्न एस. टी. त बसल्यावर उभा राहिला आणि नारायणगाव येईपर्यंत सुटलाही. आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रयोगशाळा परिचर असलेले मामा पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. तीस वर्षे मुलांनी जाळलेली उपकरणे दुरुस्त करत आलेले ते गृहस्थ. शनिवारी दुपारी तास संपल्यावर आम्ही चार्जर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो पाहिला, सोल्डरिंगची इस्त्री तापत ठेवली, आणि ती स्वतःच्या हाती न घेता मूठ दुसरीकडे केली. “मॅडम, तुम्हीच करा. म्हणजे परत तुटलं तर माझी वाट बघायला नको. मी नसेन पुढल्या साली.”

आधी निदान. चार्जर भिंतीच्या सॉकेटातून काढून ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. ठोकळा मात्र उघडायचा नाही, असे मामांनी बजावले. त्यात भिंतीच्या विजेचा दाब खेळतो आणि प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटर काही काळ तो भार धरून राहतात. मग पिनपासून दोन इंचांवर वायर कापली. पाठीमागे उरली ती ठोकळ्याची निरोगी वायर, हातात आला तो आजारी तुकडा. मामांनी मल्टिमीटरची कळ अशा एका खुणेवर फिरवली, की त्याची दोन टोके एकमेकांना टेकताच तो ‘टीं’ असा आवाज करी. या मापनाला त्यांच्या शास्त्रात ‘कंटिन्युइटी’ म्हणतात. मीटर स्वतःच्या बॅटरीतून किंचित प्रवाह सोडतो, आणि तो दुसऱ्या टोकाला विनाअडथळा पोहोचला तर वाजतो. आम्ही एक टोक पिनला लावले, दुसरे कापलेल्या तारेला. मीटर मुका. तुकडा जरा डावीकडे वाकवला आणि मीटर वाजला. तो नेमका तोच कोन होता, जो आम्ही दोन महिने दामल्यांच्या साहाय्याने सांभाळला होता.

“म्हणजे सलगता आहे, पण अटींवर,” दुसरी म्हणाली.

वरून वायर अगदी धडधाकट दिसत होती. मामांनी ब्लेडने तिचे काळे कातडे सोलले तेव्हा पिनच्या मुळाशी तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा एकेक करून तुटलेल्या दिसल्या. सात-आठ शिल्लक होत्या आणि त्यांच्या भोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडले होते. ठोकळ्यावर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असे लिहिलेले होते, म्हणजे सुमारे ६५ वॅट. संबंध जुडग्याने वाहायचा तो प्रवाह या सात-आठ तारांवर येऊन पडत होता आणि त्या तापत होत्या. आणखी एक गोष्ट मामांनी सांगितली, ती आम्हांला नवी होती. तांबे वारंवार वाकवले म्हणजे ते मऊ पडत जात असेल, अशी आमची समजूत. घडते उलटे. प्रत्येक वाकवण्यासरशी तांबे थोडे थोडे कठीण होत जाते, आणि पुरेसे कठीण झाले की तुटते. ते तुटतेही ठरावीक जागी. वायर मधोमध क्वचितच जाते. जेथे लवचीक वायर ताठर पिनला मिळते, तेथे सगळे वाकणे एका ठिकाणी गोळा होते. म्हणून तर चांगल्या चार्जरच्या पिनमागे खाचा पाडलेली रबरी मान असते. वाकणे एका बिंदूवर न पडता इंचभर लांबीत वाटले जावे, एवढेच तिचे काम. आमच्या पिनची मान केव्हाच फाटलेली होती, आणि आम्ही तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळून समाधान मानले होते.

मग जोडकाम. नव्या आणि जुन्या वायरींची टोके सोलली. बाहेरच्या जाळीचा पीळ ऋण, आतील जाड तार धन. नव्या वायरीतील रंगांवर मामांनी विश्वास ठेवू दिला नाही. रंग कारखान्यागणिक बदलतात, मीटर बदलत नाही, असे म्हणून त्यांनी प्रत्येक तार पिनच्या कोणत्या भागाशी जुळते हे वाजवून पाहायला लावले. दोन्ही सांधे शेजारी येऊन एकमेकांना टेकू नयेत, म्हणून एक तार आखूड आणि एक लांब ठेवली.

इस्त्री हाती घेतल्यावर दुसरीने स्वाभाविकपणे सोल्डरची तार इस्त्रीच्या टोकाला टेकवली. तिचा चकचकीत थेंब झाला आणि सांध्यावर टपकून मण्यासारखा बसला. मामांनी तो नखाने उडवला. “तापवायचं तांब्याला, मॅडम, कथलाला नाही. तांबं तापलं की कथील आपण होऊन आत जातं.”

हे ऐकताच आम्हां दोघांना एकदमच वाड्यातला कल्हईवाला आठवला. जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, शेजारी भाता, आणि चिमट्यात धरलेले पितळेचे पातेले. तोही कथील तापवत नसे, पातेले तापवी. तापल्या पातेल्याला कथलाची कांडी नुसती टेकवली की ती विरघळे. मग नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेर की काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे. नवसागर धातूवरची कीट काढतो, म्हणून कथील धरते. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते, ती हेच काम करते. सोल्डरला मराठीत ‘डाख’ असा शब्द होता. आम्ही तो कोशात पाहिला होता, कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. शिसे-कथलाचा हा मिश्रधातू १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो. परंतु तो तांब्याला डिंकासारखा नुसता चिकटत नाही. दोहोंच्या सीमेवर तांबे आणि कथील मिळून तिसऱ्याच एका संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो, आणि सांधा धरतो तो त्या थरामुळे. वीस वर्षे आम्ही वर्गात संधी शिकवतो, दोन वर्ण नुसते शेजारी बसले म्हणजे संधी होत नाही, हेही सांगतो. ते सांगताना एवढे चांगले उदाहरण हाताशी नव्हते.

दुसऱ्या खेपेला सांधा गुळगुळीत आणि चमकदार उतरला. मात्र तो झाल्यावर ध्यानात आले, की त्यावर चढवायची आकसणारी नळी वायर जोडण्याआधी ओवून ठेवायची राहिलीच. मामा हसले. ही चूक म्हणे प्रत्येक जण पहिल्यांदा करतो. सांधा उकलला, नळी ओवली, पुन्हा जोडला. प्लग भिंतीत लावून, लॅपटॉपला न लावता, आधी पिनवरचा दाब मोजला. मीटरवर १९.५ उमटले, धन-ऋण योग्य. लॅपटॉप लावला. दिवा लागला, दामले नसताना लागला.

आणि पडद्यावर एक सूचना आली. जोडलेल्या चार्जरची ओळख पटत नाही, यंत्र चालेल, पण बॅटरी चार्ज होणार नाही, असा तिचा आशय होता.

मामाही चक्रावले. मग दुसरीनेच कचऱ्यात पडलेली जुनी वायरीची साल उचलली. तिच्यात केसाएवढी, निळे आवरण असलेली एक तार होती. वायरीत भरणीचे दोरे असतात तसाच हा एक, असे समजून आम्ही ती कापून टाकली होती. ती तिसरी तार, काट्याची. तिच्यातून वीज जात नाही म्हटले तरी चालेल. तिच्यातून ओळख जाते. काही बनावटींच्या चार्जरमध्ये एक चिमुकली चिप असते आणि ती या तारेवरून लॅपटॉपला कळवते, की मी अमुक वॅटचा, अमुक घराण्यातला. हे पत्र पोहोचले नाही, तर लॅपटॉप चार्जरकडून रोजच्या कामापुरती वीज घेतो, स्वतःचा वेगही कमी ठेवतो, आणि साठवायला मात्र नकार देतो.

दुसरी ती सूचना वाचत राहिली. मग म्हणाली, “काम करून घेणार, पण साठू काही देणार नाही.”

ती हे हसत म्हणाली. आम्हीही हसलो. अठरा वर्षांत तिची एक अर्जित रजा साठलेली नाही, भविष्यनिर्वाह निधीत एक रुपया नाही, आणि दर साली पहिल्या दिवशी तिचा अनुभव शून्यापासून धरावा की अठरापासून, यावर कार्यालयात कागद फिरतो. शिकवलेले मात्र सगळे घेतले गेले आहे. आमच्यातल्या कायम असलेल्याने त्या संध्याकाळच्या हप्त्यांच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली, ती त्या प्रयोगशाळेत, मामांच्या देखत. मामांनी शहाणपणाने खिडकीबाहेर पाहिले.

सांधा तिसऱ्यांदा उकलला. निळ्या तारेचे टोक इतके बारीक, की त्याचे आवरण काढण्यासाठी चष्मा बदलावा लागला. काट्यापासून सांध्यापलीकडे मीटर लावला. तो वाजला आणि वायर कुठेही, कशीही वाकवली तरी वाजत राहिला. प्रत्येक तारेवर आपापली नळी, तिघींवर मिळून एक मोठी. लॅपटॉप लावला आणि बॅटरीच्या चित्रात विजेची खूण उमटली.

हे सारे वर्णन करून वाचकांनी आपापले चार्जर कापावेत, असे आम्ही सुचवत नाही. कच्चा सांधा तापतो आणि प्रसंगी आग लावतो. बिघाड वायरीत नसून लॅपटॉपच्या खाचेत असेल, तर नवी पिन लावूनही उपयोग नाही. दुसरा तशाच जातीचा चार्जर लावून पाहणे ही त्याची सोपी परीक्षा. शिवाय या पिनांचे युगही सरत आले आहे. युरोपीय संघाने फोनसारख्या उपकरणांना २८ डिसेंबर २०२४ पासून यूएसबी-सी हे एकच तोंड बंधनकारक केले आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. २०२१ साली आलेल्या सुधारित प्रमाणकाने त्या तोंडातून २४० वॅटपर्यंत वीज नेण्याची सोय केली. दुरुस्तीच्या हक्काचीही चर्चा आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले. युरोपने २०२४ मध्ये तसा निर्देशच काढला. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरीही हक्क कागदावर आला, तरी इस्त्री हाती देणारा आणि बाजूला उभा राहणारा मनुष्य लागतोच, एवढे त्या शनिवारने आम्हांला शिकवले.

प्रबंध मुदतीच्या सहा दिवस आधी सादर झाला. त्याच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि ओव्या सांगणाऱ्या सगळ्या बाया यांच्यानंतर मामांचे संपूर्ण नाव आहे. मार्गदर्शकांनी विचारले, की पदार्थविज्ञानाच्या परिचरांचा ओवीशी काय संबंध? दुसरीने सांगितले, की नाव तसेच राहू द्या, आणि त्यांनी ते राहू दिले.

दामले कपाटात परत गेले आहेत. पुठ्ठ्यावर रबरबँडचा वळ तेवढा राहिला आहे. वायरीवर, पिनपासून वीतभर अंतरावर, एक लहानसा फुगवटा आहे. बोट फिरवले की लागतो. नव्या वर्षाची जाहिरात आली आहे, आणि या क्षणी आमच्यापैकी एक याच लॅपटॉपवर अर्ज भरते आहे. ‘यापूर्वीच्या सेवेत खंड आहे काय’ या रकान्यापाशी ती थांबली आहे.